आंबट झाडांचं देणं

डाळिंबाचा लिलाव बघत उभं राहिलं की थोड्या वेळाने एक गोष्ट खटकायला लागते. सगळी फळं एकाच चेहऱ्याची. क्रेटमागून क्रेट उतरतं आणि प्रत्येकात तोच शेंदरी रंग, तीच जाड तुकतुकीत साल, तोच टोकावरचा मुकुट. लहानमोठेपणाचा काय तो फरक, आणि तोही बागेतच निवडून वेगळा केलेला. व्यापारी एक फळ उचलतो, फोडतो, चार दाणे तोंडात टाकतो आणि अख्ख्या गाडीचा भाव बोलतो. एवढा भरवसा माणूस माणसावर ठेवत नाही. डाळिंबावर ठेवतो, आणि तो सहसा खोटा ठरत नाही.

या भरवशावर नाशिक जिल्ह्याच्या कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळ्यात, घरं उभी राहिली, विहिरी खोल गेल्या, पोरापोरींची शिक्षणं आणि लग्नं झाली. पाऊस बेताचा, जमीन हलकी, मुरमाड. ऊस तिथे परवडत नाही, डाळिंब मात्र खुशाल वाढतं. पण एका फळावरून बाग ओळखता येते ही सोय काही फक्त व्यापाऱ्याची नाही. एका सूक्ष्म जिवाणूचीही तीच सोय आहे. त्यालाही एका झाडात शिरता आलं की पुढची हजार झाडं नव्याने शिकावी लागत नाहीत. शेतकरी त्याच्या रोगाला तेल्या म्हणतात.

तेल्याची सुरुवात बघायची तर पावसाळ्यात, चार दिवस रिपरिप होऊन गेल्यावर बघावी. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका असतो. पान नुसतं हातात धरलं तर तो नजरेतून सुटेल. उन्हाकडे धरलं तर तेवढ्याच जागेतून उजेड आरपार येतो, आणि ठिपक्याच्या कडा तेल लागल्यासारख्या ओलसर दिसतात. चार-आठ दिवसांत तो तपकिरी होतो, भोवती पिवळं वलय धरतो. डोळ्यांपाशी, म्हणजे फांदीच्या पेरांवर, तोच डाग काळा पडून सालीभोवती फिरतो, आणि मग फळांनी लगडलेली फांदी जरा वाऱ्यात काडकन मोडते. फळावर आला की कथा संपली. साल काळवंडते आणि डागाच्या मधोमध इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखी चीर पडते. आतले दाणे कित्येकदा ठणठणीत असतात, गोडही असतात. पण ते फळ क्रेटमध्ये जात नाही; बांधावर किंवा खड्ड्यात जातं.

त्या ठिपक्याची कड ब्लेडने कापून पाण्याच्या थेंबात ठेवावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघावी. कापलेल्या कडेतून धुरकट पाझर निघताना दिसतो. हळूहळू, पण थांबत नाही. पानाच्या त्या चिमटीएवढ्या तुकड्यातून लाखोंच्या संख्येने जिवाणू बाहेर पडत असतात. बुरशी अशी पाझरत नाही. रोग बुरशीचा की जिवाणूचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत पहिल्या पाच मिनिटांत सुटतो तो या पाझरावरून. जिवाणू झाडांनाही आजारी पाडतात, हेच मुळात जगाला उशिरा पटलं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये थॉमस बरिल यांनी १८७८ च्या सुमारास नासपती आणि सफरचंदाच्या करपलेल्या फांद्यांत जिवाणू पाहिले आणि ते तिथे योगायोगाने आलेले नाहीत असं म्हटलं, तेव्हा जर्मनीतल्या मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती कल्पना बरीच वर्षं मानली नाही.

आपल्याकडे डाळिंबावरच्या या रोगाची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. हिंगोरानी आणि मेहता यांनी ती केली. पुढे १९५९ मध्ये हिंगोरानी आणि सिंग यांनी जिवाणूला झँथोमोनास प्युनिसी असं नाव दिलं. नंतरची चाळीसेक वर्षं तो अधूनमधून कुठेतरी दिसायचा, किरकोळ रोगांच्या यादीत त्याची एक ओळ असायची. नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं उलटली आणि कर्नाटक, आंध्र, महाराष्ट्र अशा तिन्ही राज्यांतल्या बागा तेल्यात गेल्या. कसमाद्यात लोकांनी उभी झाडं उपटून बांधावर जाळली. २००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, आणि तेल्या हा त्याच्यापुढचा पहिल्या रांगेतला प्रश्न ठरला.

मधल्या चाळीस वर्षांत असं काय बदललं? पाऊस बदलला म्हणावं, तर तो दरवर्षीच बदलतो. क्षेत्र वाढलं हे खरं. पण आणखी एक बदल झाला होता, आणि तो आपण मोठ्या कौतुकाने स्वतः घडवून आणला होता.

पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रावर १९३६ साली डॉ. जी. एस. चिमा यांनी आळंदी जातीच्या डाळिंबाच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून एक झाड निवडलं. दाणे मऊ, चव गोड, झाड उदार. १९७० मध्ये त्याला गणेश हे नाव मिळालं आणि महाराष्ट्राचं डाळिंब म्हणजे गणेश, असं बराच काळ चाललं. त्याच्यात एक उणीव होती: दाणे फिकट. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर गुल-ए-शाह रेड या गडद रंगाच्या परदेशी जातीशी झाला. त्या संकराच्या पुढच्या पिढीतून मृदुला आली, आरक्ता आली आणि भगवा आली. भगव्याला शेंदरी म्हणा, अष्टगंध म्हणा, मस्तानी म्हणा, जय महाराष्ट्र म्हणा, झाड तेच. मऊपणा गणेशचा, रंग गुल-ए-शाहचा आणि साल इतकी जाड की आखातापर्यंत आणि युरोपपर्यंत फळ टवटवीत जातं.

इथपर्यंतची सगळी प्रगती बियांची आहे. डाळिंबाचं बी पेरलं की दरवेळी निराळं झाड उगवतं. एकाच फळातल्या चारशे दाण्यांतून चारशे तऱ्हा निघू शकतात. त्यातल्या बहुतेक टाकाऊ. चिमांनी त्या गर्दीतून एक झाड उचललं, राहुरीने आणखी दोन-तीन. पण हवं ते झाड सापडल्याबरोबर आपण बी पेरणं थांबवलं आणि गुटी कलम सुरू केलं.

गुटी बांधताना बघण्यासारखी असते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडायची, तिची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, वरच्या कडेला संजीवक लावायचं, ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि वर प्लॅस्टिकची पट्टी करकचून बांधायची. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकच्या आतून पांढऱ्या मुळ्यांचं जाळं दिसू लागतं. मग खालून फांदी कापायची आणि पिशवीत लावायची. हे रोप त्या झाडाचं मूल नव्हे, ते झाडच. सटाण्यातली भगवा, सांगोल्यातली भगवा आणि कर्नाटकातली भगवा, जनुकांच्या हिशेबात एकच झाड लाखो ठिकाणी उभं आहे. आणि ज्या फांदीवर गुटी बांधली तिच्या सालीत तेल्या लपून असला, तर रोपवाटिकेतून रोप आणि रोग एकाच टेम्पोत येतात, एकाच पावतीवर. म्हणून जुने बागाईतदार रोपाच्या भावाआधी मातृवृक्ष कुठला ते विचारतात.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. तेल्याच्या जिवाणूचा जनुकसंच चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ५० लाख अक्षरांचा. डाळिंबाचा जनुकसंच सुमारे ३५ कोटी अक्षरांचा. भगव्याचाही तो आता वाचून झालेला आहे. म्हणजे झाडाचं बाड जिवाणूच्या बाडापेक्षा सत्तर पटीने जाड. पण जाडीवर काही ठरत नाही. भगव्याच्या बाडात बदल होत नाही, कारण आपण होऊ देत नाही. जिवाणू अनुकूल हवेत काही तासांत दुप्पट होतो, आणि नक्कल उतरवताना अधूनमधून कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाया जातात. एखादी कामी येते.

जिवाणूची चाल तरी कशी? पानाच्या श्वासरंध्रांतून किंवा एखाद्या जखमेतून तो आत शिरतो आणि पेशींच्या मधल्या जागेत मुक्काम ठोकतो. झाडाला चाहूल लागते. पेशी आपली भिंत आतून जाड करायला घेते, तिथे कॅलोज नावाचा लेप चढतो. इथे जिवाणू सुईसारखी एक नळी बाहेर काढतो आणि तिच्यातून काही प्रथिनं सरळ पेशीत सोडतो. घरफोड्या आधी कुत्र्यापुढे भाकरी टाकतो आणि मग कडीला हात घालतो, तसलाच प्रकार. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत या प्रथिनांचा माग काढला गेला. त्यांतल्या झॉप-एन नावाच्या एका प्रथिनाचं जनुक जिवाणूतून काढून टाकलं, तर तो डाळिंबाच्या पानात नीट वाढेना, रोग सौम्य झाला, आणि पेशीच्या भिंतीवर लेप पुन्हा चढू लागला. पन्नास लाख अक्षरांच्या संचातला एक छोटा परिच्छेद खोडला, आणि बागायत बुडवणारा रोग मवाळ पडला. प्रयोगशाळेत. बागेत असं खोडरबर अजून कुणाच्या हाती नाही.

या जिवाणूची भावकी मोठी आहे, आणि नाशिककराने ती जाणून घ्यावी अशी आहे. कागदी लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खरबरीत खवले आणणारा खैऱ्या रोग झँथोमोनास सिट्री या जिवाणूचा. डाळिंबाच्या तेल्याचा जिवाणू याच प्रजातीचा एक प्रकार आहे, हे जनुकांच्या तुलनेतून अलीकडे स्पष्ट झालं. आंब्याच्या पानाफळांना डाग आणणारा जिवाणूही त्याच प्रजातीतला. त्याची नोंद पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली केली होती. द्राक्षाच्या वेलीवर जिवाणूजन्य करपा आणणारा, तोही तिथलाच. म्हणजे निफाड-दिंडोरीची द्राक्षं, पेठ-सुरगाण्याकडचा आंबा, परसातलं लिंबू आणि कसमाद्याचं डाळिंब यांच्या मागे लागलेले जिवाणू मुळात एकाच कुळाचे. लिंबाचा जिवाणू डाळिंबावर चालत नाही, डाळिंबाचा लिंबावर. प्रत्येकाने आपापलं फळ वाटून घेतलं आहे, आणि ही वाटणी मुख्यतः त्या सुईतून सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या निवडीत लिहिलेली दिसते. लिंबाचा जिवाणू एक असं प्रथिन सोडतो की ते झाडाच्याच एका जनुकाला जागं करतं. पेशी फुगतात, फुटतात, आणि त्याचा खवला होतो. झाडाच्या हाताने झाडाला मारायचं.

शेतकऱ्याकडे या सगळ्यावर काय आहे? मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण आहे. ते फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून जगभर पसरलं, नाशिकच्या द्राक्षमळ्यांत रुळलं आणि डाळिंबालाही लागू पडलं. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक द्रावणात बुडवण्याची शिस्त आहे. खाली पडलेली पानं आणि डागी फळं वेचून जाळायची आहेत. बहार बदलायचा आहे: पावसात सापडणारा मृग सोडून हस्त बहार धरायचा, म्हणजे फळ वाढतं तेव्हा हवा कोरडी असते. भाव मृगाला चांगला की हस्ताला, पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल का, ही गणितं मग घरात रात्र रात्र चालतात. आणि एक सहा ग्रॅमची पुडी आहे, स्ट्रेप्टोसायक्लिनची.

या पुडीची गोष्ट पिंपरीची. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. माणसांसाठी पेनिसिलिन, मग क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन. त्या स्ट्रेप्टोमायसिनचे नऊ भाग आणि टेट्रासायक्लिनचा एक भाग, अशी झाडांसाठीची पुडी निघाली. १९४३ मध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून अल्बर्ट शॅट्झ यांनी वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत वेगळं केलेलं ते औषध फिरून पुन्हा शेतात आलं. क्षयरोग्याला टोचलं जाणारं औषध डाळिंबाच्या झाडावर ट्रॅक्टरच्या पंपाने उडू लागलं, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. फळ वाचत होतं.

पण कॅलिफोर्नियात नासपतीच्या बागांमध्ये हा खेळ आधीच होऊन गेला होता. तिथे स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जिवाणू १९७१ मध्ये सापडले. पुढे कारण कळलं ते असं: ज्या ठिकाणी औषध जिवाणूच्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेला चिकटतं, तिथल्या एका प्रथिनातलं त्रेचाळिसावं अमिनो आम्ल बदललेलं होतं. त्यासाठी जनुकातलं एक अक्षर बदललं तरी पुरतं. बाकी जिवाणू जसाच्या तसा, तितकाच धडधाकट. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या औषधाच्या शेतीतल्या वापरावर बंदी आणणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला. औषध माणसासाठी राखून ठेवावं, हा हेतू. तो रास्त आहे. मात्र ज्याची बाग ऑगस्टमध्ये तेल्यात जात असते, त्याला हा रास्तपणा कडू गोळीसारखा गिळावा लागतो, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवणं मला जमत नाही.

तर मग उरतं झाड. औषध बदलता येतं, बहार बदलता येतो, झाडच रोगाला पुरून उरलं तर? तशी डाळिंबं आहेत. हिमाचल, जम्मू आणि उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर दारू नावाचं जंगली डाळिंब उगवतं. फळ लहान, दाणा इतका आंबट की नुसता खाववत नाही. वाळवून त्याचा अनारदाना करतात आणि तो उत्तरेकडच्या छोल्यांत पडतो. दुसरं नाना. ते कुंडीतलं बुटकं डाळिंब, लालभडक फुलांसाठी लावतात. नाशिकच्या कितीतरी गच्च्यांवर ते असेल आणि त्याला फळही धरत असेल, पण ते खायला कुणी तोडत नाही. तेल्याच्या जिवाणूपुढे भगवा आणि गणेश लोळण घेतात, तिथे नाना आणि दारू बऱ्याच अंशी टिकतात. आपण गोडीसाठी आणि रंगासाठी निवड करत आलो. ज्या झाडांना कुणी निवडलं नाही, त्यांच्याकडे ही ताकद शिल्लक राहिली.

द्राक्षवाल्याला रानटी झाडाकडून केलेली उसनवारी नवी नाही. नाशिकचा द्राक्षबागाईतदार खारट पाणी आणि पाण्याची ओढ सोसायला डॉगरिज या रानटी अमेरिकी वेलीचा खुंट वापरतो. मुळं जंगली, वर थॉम्पसनच्या घराण्यातली गोड द्राक्षं. डाळिंबाच्या तेल्यावर ही युक्ती चालत नाही, कारण रोग मुळात नाही, पानात आणि फळात आहे. आणि पान-फळ आपल्याला भगव्याचंच हवं. रानटी झाडाची ताकद मुळातून वर चढवता येत नाही. ती संकर करून, बी पेरून, पिढ्यानपिढ्या निवड करूनच आणावी लागते. सोलापूरच्या केंद्राने २०१७ मध्ये ‘सोलापूर लाल’ ही जात दिली. तिच्या वंशावळीत भगवा आहे, गणेश आहे, आणि नाना व दारूही आहेत. ती नावाजली गेली लोह, जस्त आणि क जीवनसत्त्वासाठी. तेल्याचं उत्तर म्हणून नव्हे. पण बिनकामाची समजली गेलेली दोन झाडं खाण्याच्या फळाच्या कुळात आणता येतात, एवढं तिने दाखवलं.

हे काम संथ का, ते कुणाही संकरकाराला विचारावं. नानाशी संकर केला की पोरं बुटकी, फळं लहान आणि आंबट. ती पुन्हा भगव्याशी जुळवायची, त्यांचं बी पेरायचं, तीन वर्षांनी फळ बघायचं, त्या आधी प्रत्येक रोपावर मुद्दाम जिवाणू फवारून कोण टिकतं ते पाहायचं. प्रतिकार एका जनुकात साठवलेला असता तर काम सोपं होतं. आणि सोपं असतं तरी धोका होताच. सफरचंदात हे घडून गेलं आहे. फळासाठी कुणी फारसं न मोजलेल्या एका रानटी सफरचंदात, रोबस्टा पाच त्याचं नाव, बरिलनी पाहिलेल्या त्याच रोगाला रोखणारं एक जनुक सापडलं. संशोधकांना हुरूप आला. मग कळलं की जिवाणूच्या एका प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाच्या बदलाने, म्हणजे पुन्हा एका अक्षराने, तो या जनुकाला चकवून आत जाऊ शकतो.

म्हणूनच तेल्याला पुरून उरणारी भगवा एक दिवस मिळेल, या आशेत मला थोडी भीतीही दिसते. समजा मिळाली. रंग तोच, साल तीच, दाणा तसाच मऊ. दुसऱ्या वर्षी रोपवाटिकेबाहेर रांग लागेल. तिसऱ्या वर्षी टिश्यू कल्चरची लाखो रोपं निघतील, कसमाद्यापासून सोलापूरपर्यंत आणि पुढे कर्नाटकात, सगळी एका झाडाची. मग आपण जिवाणूपुढे पुन्हा एकच प्रश्नपत्रिका ठेवू, आणि त्याला उत्तर शोधायला सवडच सवड. रंग थोडा फिका असलेली, पण निराळ्या जनुकांवर टिकलेली दुसरी जात कुणी शेजारच्या एकरात लावली, तर तिला किलोमागे वीस रुपये कमी मिळतील आणि तो पुढल्या वर्षी ती काढून टाकेल. बागाईतदार अडाणी आहे म्हणून नव्हे, आपण ग्राहक म्हणून लाल सोडून दुसऱ्या रंगाला पैसे देत नाही म्हणून.

तेल्या हा जिवाणूचा रोग आहे हे खरंच. पण त्याच्या जनुकांतला मजकूर आपल्या आवडीने घडवलेल्या झाडाशी जुळतो, तेव्हाच तो साथ होतो. त्यामुळे प्रतिकारक जात हे या गोष्टीचं शेवटचं पान ठरणार नाही. ती हवीच, पण तिच्यामागे आंबट, बुटकी, काटेरी, कुणाला नको असलेली झाडं रांगेने उभी राहिली पाहिजेत. पुढचं अक्षर बदलेल तेव्हा हात घालायला. त्यांना जमीन लागते, ठिबक लागतं, छाटणीला माणूस लागतो, आणि त्यांच्यापासून एक रुपयाही येत नाही. संशोधन केंद्राच्या अंदाजपत्रकात या झाडांचा खर्च सगळ्यांत आधी कापण्याजोगा वाटतो. गोड डाळिंब खाणाऱ्या प्रत्येकावर मात्र तेच देणं आहे. ते एकदा भरून मोकळं होता येत नाही. दरवर्षीच्या हप्त्याने भरावं लागतं, पीक चांगलं आलेल्या वर्षीसुद्धा.